वरच्या दुधाचा प्रश्न : गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या अर्भकाचा आहारबदल

अंगावर पिणाऱ्या अर्भकास गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे असे कळले म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो बाळास आता कोणते दूध द्यावयाचे हा. प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. मातेचे दूध बाळास बाधते, तेव्हा ते तोडून दुसरे काही शोधले पाहिजे, असे ते गृहीत होय. बहुतेक प्रसंगी हे गृहीत चुकीचे ठरते. आणि जेथे वरच्या दुधाची खरोखरच गरज पडते तेथेही ते बदलाची रीत बिघडवते. या बदलात वस्तुतः दोन क्रिया एकत्र आलेल्या असतात. बाळाच्या पोटात जाणारे परकीय प्रथिन बदलणे ही एक. बाळाची पिण्याची सवय आणि मातेच्या अंगी दूध निर्माण होण्याचा क्रम बदलणे ही दुसरी. पहिली क्रिया पूर्ण आणि तत्काळ व्हावी लागते. दुसरी जितकी सावकाश होईल तितकी बरी. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे बाळाचे हाल होतात व मातेचेही. प्रस्तुत लेखात त्या वेगळ्या करून पाहावयाच्या आहेत.

प्रथम प्रथिनांविषयी. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन व उरलेली निवळीतील प्रथिने होत. निवळीतील प्रथिनांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे एक प्रमुख असून मानवी दुधात ते मुळीच तयार होत नाही. मातेने गाईचे दूध वा दुधाचे पदार्थ सेवन केले असता या प्रथिनाचा अत्यल्प अंश अपचित स्थितीत तिच्या रक्तात व तेथून स्तन्यात उतरतो. 'अत्यल्प' या शब्दाचे माप येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गाईच्या १ मिलिलिटर दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन सुमारे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० लाख नॅनोग्रॅम असते. स्तन्यात ते आढळलेच तर दर मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, क्वचित काही दशक नॅनोग्रॅम इतके असते. हिशेबासाठी १० नॅनोग्रॅम धरले, तर गाईच्या १ मिलिलिटर दुधातील प्रथिनाइतके प्रथिन मिळण्यासाठी बाळास मातेचे ३०० लिटर दूध प्यावे लागेल. दिवसाला पाऊण लिटर पिणाऱ्या बाळास त्याकरिता वर्षाहून अधिक काळ लागेल! एवढ्याशा अंशानेही काही थोड्या बालकांस त्रास होतो हे खरे आहे. परंतु अंगावर पिताना होणारा त्रास आणि वाटीभर गाईचे दूध पाजल्यावर होणारा त्रास या दोन वेगळ्या पातळीवरच्या घटना आहेत, हे या हिशेबावरून उघड होईल.

या ॲलर्जीचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात आयजीई या वर्गातील प्रतिपिंडे भाग घेतात. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास कोंडतो. त्वचेवरील टोचचाचणी आणि रक्तातील विशिष्ट आयजीईचे मापन यांचा उपयोग याच प्रकारात होतो. दुसऱ्या प्रकारात ही प्रतिपिंडे नसतात; त्रास काही तासांनी वा दिवसांनी दिसतो आणि मुख्यतः आतड्यांचा असतो. निव्वळ अंगावर पिणाऱ्या, एरवी हसत्याखेळत्या व बाळसे धरणाऱ्या बालकाच्या मलात रक्ताचे धागे व शेंब दिसणे हे याचे सौम्य आणि नेहमीचे रूप. दूध घेतल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या, पांढरेफटक पडणे व ग्लानी हे त्याचे उग्र रूप असून ते अंगावर पिणाऱ्या बाळात विरळा, वरचे दूध सुरू केल्यावर मात्र दिसू शकते. दुसऱ्या प्रकाराचे निदान करणारी कोणतीही रक्तचाचणी नाही. आहारातून दूध वगळणे, लक्षणे जातात का ते पाहणे, आणि पुन्हा दूध देऊन ती परततात का ते पाहणे, एवढाच मार्ग आहे.

प्रमाणाच्या बाबतीत दोन अभ्यास ध्यानी ठेवण्याजोगे आहेत. डेन्मार्कमध्ये १,७४९ नवजात बालकांचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. त्याचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३९ बालकांत, म्हणजे २.२ टक्क्यांत, ॲलर्जी सिद्ध झाली. निव्वळ अंगावर पीत असताना ती जडलेली बालके केवळ ९, म्हणजे सुमारे ०.५ टक्के होती. या ९ बालकांच्या जन्मवेळच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा असे आढळले की, प्रत्येकास पहिल्या तीन दिवसांत प्रसूतिकक्षात गाईच्या दुधाचा फॉर्म्युला पाजण्यात आला होता. ९ जणांचा समूह लहान आहे आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही 'आईला अजून पान्हा फुटला नाही, तोवर एक बाटली देऊ' असे सहज म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी असे वाटते. दुसरा अभ्यास युरोपातील अनेक देशांचा असून २०१५ साली प्रसिद्ध झाला. दुहेरी अज्ञात पद्धतीने दूध देऊन खात्री केली असता दोन वर्षांपर्यंतच्या बालकांत ॲलर्जीचे प्रमाण ०.५४ टक्के भरले. काही देशांत ते ०.३ टक्क्याहूनही कमी, तर ब्रिटन व नेदरलँड्स येथे १ टक्क्याच्या आसपास होते.

दोनशेत एक बालक, ही संख्या दवाखान्यांतून होणाऱ्या निदानांच्या संख्येशी जुळत नाही. कारण असे की, रडणे, दूध ओकणे, वायू धरणे, पुरळ, पातळ वा हिरवट शौच या गोष्टी ॲलर्जीच्या लक्षणांच्या यादीत असतात आणि निरोगी तान्ह्या मुलांतही असतात. इंग्लंड व वेल्समधील १,३०३ बालकांच्या नोंदींचे विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार तीन महिन्यांच्या वयात, बालके गाईचे दूध प्रत्यक्ष घेतही नसताना, त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक बालकांत यादीतील दोन वा अधिक सौम्य लक्षणे होती. फिनलंडमध्ये मलात रक्त दिसलेल्या ४० बालकांची तपासणी झाली (२००६); त्यांत पुन्हा दूध देऊन खात्री केल्यावर खरी ॲलर्जी केवळ १८ टक्क्यांत निघाली. इतरांचे रक्त जाणे आपोआप थांबले. मग या याद्या इतक्या सैल का? २०२० साली या विषयावरील ९ मार्गदर्शिकांचे परीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ३ मार्गदर्शिकांस फॉर्म्युला उत्पादकांचे वा त्यांच्या सल्लागारांचे प्रत्यक्ष साहाय्य होते आणि एकंदर लेखकांपैकी ८१ टक्क्यांनी उत्पादकांशी हितसंबंध असल्याचे नमूद केले होते. लेखकांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका न घेताही एवढे म्हणता येईल की, ज्या विषयात चुकीच्या निदानाने एका पक्षाची विक्री वाढते तेथे वाचकाने अधिक सावध असावे. आपल्या देशात १९९२ च्या आणि २००३ साली दुरुस्त झालेल्या अर्भक-दुग्धपर्यायविषयक कायद्याने अशा उत्पादनांची जाहिरात, फुकट नमुने आणि आरोग्यसेवकांना दिली जाणारी प्रलोभने यांस बंदी घातली आहे. त्यामागील विचार नेमका हाच आहे.

निदान संशयित असता पहिला उपाय मातेच्या ताटात असतो, डब्यात नसतो. आणि तोही सर्वत्र लागत नाही. बाळ अंगावर पीत असताना ठणठणीत असेल व गाईच्या दुधाची पहिली बाटली तोंडी लागताच त्यास गांधी उठल्या असतील, तर मातेने दूध सोडण्याचे कारण नाही. बाळास गाईचे दूध प्रत्यक्ष द्यावयाचे नाही, एवढेच पथ्य पुरे. अंगावर पितानाच लक्षणे दिसत असतील तेव्हा मात्र मातेने दोन ते चार आठवडे दुग्धवर्ज्य आहार घेऊन पाहावा. महाराष्ट्रात ही गोष्ट सांगणे सोपे, करणे कठीण. बाळंतिणीचा आपला परंपरागत आहारच दुधातुपाचा. अळिवाची खीर दुधात, शतावरी कल्प दुधातून, डिंकाचे लाडू तुपातले, आणि दिवसातून चार वेळा चहा. तुपात प्रथिनांचा केवळ लेश उरतो, तरी चाचणीच्या काळात तेही वगळणे हिताचे. अळीव नारळाच्या रसात शिजविता येतात वा ओले खोबरे व गूळ घालून त्यांचे लाडू करता येतात. डिंक तेलात तळता येतो. घरातील वडीलधाऱ्यांस हे पटवून देण्याचे काम आहारतज्ज्ञाने अंगावर घ्यावे. ते सुनेवर सोडू नये.

दूध गेले म्हणजे मातेच्या आहारातील कॅल्शियमचा मोठा स्रोत जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे स्तनदा मातेस दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम तिळात १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. परंतु तीळ कोणी १०० ग्रॅम खात नाही, तेव्हा गोळीची जोड बहुधा लागतेच. शाकाहारी मातेच्या बाबतीत याहून गंभीर प्रश्न ब-१२ जीवनसत्त्वाचा आहे. दूध हाच तिचा त्या जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव स्रोत असतो आणि त्याची उणीव स्तन्यावाटे बाळाच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचते. म्हणून वगळलेला आहार निष्कारण महिनोन्महिने चालू ठेवणे ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. दोन ते चार आठवड्यांनी मातेने पुन्हा दूध घेऊन पाहिलेच पाहिजे. लक्षणे परतली नाहीत तर निदान रद्द समजावे. प्रत्यक्षात ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. बाळ बरे झाले आहे, आता कशाला परीक्षा, असे मातेस वाटते आणि वैद्यासही.

इतके करूनही वरच्या दुधाची गरज पडणारे प्रसंग असतात. मातेच्या दुग्धवर्ज्य आहारानंतरही बाळाची वाढ खुंटलेली असणे, स्तन्यावाटे उग्र लक्षणे होणे, मातेचा गंभीर आजार वा तिची औषधे, मातेचा मृत्यू, आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मातेस कामावर परतावे लागणे. यांत आणखी एका कारणाची भर घालावी लागेल : पथ्याने व जागरणाने थकलेल्या मातेचा स्वतःचा निर्णय. तो आदरानेच ऐकला पाहिजे. मात्र निर्णय घेण्यापूर्वी, बाळ तिच्या दुधाला नव्हे तर तिच्या दुधातून उतरणाऱ्या परक्या प्रथिनाला नाकारीत आहे, हे तिला कोणीतरी सांगितलेले असावे.

आता कोणते दूध? येथे घरगुती तर्क हमखास फसतो. गाईचे चालत नाही तर म्हशीचे, नाही तर शेळीचे, हा पहिला तर्क. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मातेचे दूध नसता शेळीचे वा गाईचे दूध द्यावे असे सांगितले आहे, आणि शेळीचे दूध हलके ही समजूत घरोघरी आहे. ॲलर्जीच्या संदर्भात ती निरुपयोगी ठरते. गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिनांची रचना इतकी मिळतीजुळती आहे की, एकास ओळखणारी प्रतिपिंडे इतरांसही ओळखतात. इटलीत गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या २६ मुलांस शेळीचे दूध देऊन पाहिले असता २४ मुलांस त्रास झाला (१९९९). दुसरा तर्क लॅक्टोजविरहित फॉर्म्युल्याचा. लॅक्टोज ही शर्करा आहे, ॲलर्जी प्रथिनाची आहे. मातेच्या दुधात तर लॅक्टोज गाईच्या दुधाहून अधिक, म्हणजे सुमारे ७ टक्के असते. लॅक्टोज काढून टाकलेल्या डब्यात गाईची प्रथिने जशीच्या तशी असतात. बदामाचे वा तांदळाचे दुकानी पेय हे तर अर्भकाचे अन्नच नव्हे.

योग्य पर्याय समजण्यासाठी जलविच्छेदनाची कल्पना आवश्यक आहे. प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची लांब साखळी. प्रतिपिंड त्या साखळीचा विशिष्ट तुकडा ओळखते. एंझाइमांच्या साहाय्याने साखळीचे बारीक तुकडे केले आणि ते गाळून घेतले, तर ओळखण्याजोगा भाग फारसा उरत नाही. केसीनच्या अशा विच्छेदनापासून बनविलेले न्यूट्रामिजेन हे उत्पादन अमेरिकेत १९४२ सालापासून उपलब्ध झाले. म्हणजे ही कल्पना नवी नाही. ॲलर्जी सिद्ध झालेल्या बालकांपैकी किमान ९० टक्के बालकांस एखादा फॉर्म्युला सोसतो हे ९५ टक्के विश्वासार्हतेने दाखविता आले, तरच त्यास अल्प-ॲलर्जीकारक म्हणावे, असा निकष आहे. पूर्णतः जलविच्छेदित फॉर्म्युला हा निकष पुरा करतो आणि बहुतेक बालकांसाठी तोच प्रथम निवडावा. अंशतः जलविच्छेदित फॉर्म्युल्यात साखळीचे मोठे तुकडे राहतात. डब्यावरील नावे एकमेकांसारखी असल्याने तो चुकून दिला जातो, आणि ही चूक धोक्याची आहे. निकषातील उरलेल्या थोड्या बालकांस, तसेच श्वासापर्यंत गेलेली तीव्र प्रतिक्रिया झालेल्यांस, वाढ खुंटलेल्यांस व मातेच्या अंगावरही उग्र लक्षणे दाखविणाऱ्यांस, सुट्या ॲमिनो अम्लांपासून बनविलेला फॉर्म्युला लागतो. सोयाबीनचा फॉर्म्युला पुष्कळ स्वस्त आहे. युरोपीय तज्ज्ञ तो सहा महिन्यांच्या आत देऊ नये असे सांगतात. शिवाय आयजीई प्रकारातील सुमारे १४ टक्के मुलांस सोयाबीनचीही ॲलर्जी असल्याचे एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तथापि सहा महिन्यांनंतर, ऐपतीचा प्रश्न असलेल्या घरी, तपासून दिलेला सोयाबीनचा फॉर्म्युला हा पाणी घातलेल्या महागड्या डब्याहून निश्चित बरा.

निवड झाल्यावर बदलाची गती ठरवावयाची. सूत्र वर सांगितलेच आहे. बाळास यापूर्वी गाईच्या दुधाचा साधा फॉर्म्युला चालू असेल तर तो त्याच दिवशी पूर्ण बंद करावा. थोडा जुना, थोडा नवा असे मिश्रण करीत राहिल्यास त्रासदायक प्रथिन चालूच राहते आणि नव्या दुधाचा गुण आला की नाही हेही कळत नाही. मातेच्या दुधाबाबत मात्र घाई करू नये. दूध निर्माण होण्याची क्रिया मागणीवर चालते. थानात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. रिकामे होत राहिले की चालू राहते. एकदम पाजणे थांबविल्यास छाती दाटते, गाठी धरतात, ताप येतो, प्रसंगी पू होतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एकेक पाजणे कमी करावे. ज्या वेळी बाळाचा ओढा कमी असतो ती दुपारची वेळ प्रथम घ्यावी. रात्रीचे व पहाटेचे पाजणे सर्वांत शेवटी सोडावे. प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन रात्री अधिक असते, आणि बाळास झोपेची सवयही त्याच वेळेची असते. मातेस दूध संपूर्ण तोडावयाचे नसेल तर हीच दोन पाजणी महिनोन्महिने टिकविता येतात. फॉर्म्युला सुरू झाला म्हणून अंगावरचे दूध बंद झालेच पाहिजे असा कोणताही शास्त्रीय नियम नाही.

या बदलातील खरी अडचण चवीची आहे, आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तके सहसा लक्ष देत नाहीत. स्तन्य गोड असते. जलविच्छेदित दूध कडवट, आंबूस व गंधकासारख्या उग्र वासाचे असते. मोठ्या माणसाने एक घोट घेतला तर तोंड वाईट होते. प्रथिनाचे तुकडे होताना मोकळी झालेली ॲमिनो अम्ले व लहान पेप्टाइडे याला कारण होत. असे असता पुष्कळ तान्ही मुले ते निमूट पितात कशी? फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या संस्थेत या प्रश्नावर दीर्घकाळ काम झाले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, पहिल्या महिन्यांत ज्या बालकांस हे दूध मिळाले होते ती सातव्या महिन्यात ते आनंदाने पीत होती. ज्यांस केवळ साधा फॉर्म्युला मिळाला होता त्यांनी ते सातव्या महिन्यात जवळजवळ नाकारले. त्याच संस्थेतील पुढील प्रयोगांवरून ही ग्रहणशीलतेची मुदत सुमारे साडेतीन ते चार महिन्यांच्या वयापर्यंत असावी असे दिसते. तिच्या आत चव शिकणारे मूल कडवट व आंबट चवींचे पुढेही स्वागत करते. मुदत उलटल्यावर आलेल्या मुलास तीच चव परकी वाटते.

हे निष्कर्ष आपल्या परिस्थितीशी ताडून पाहावेत. २०१७ साली प्रसूतिरजेची मुदत २६ आठवड्यांची झाली. जिला ती मिळते अशी माता नेमकी सहाव्या महिन्यात कामावर परतते. म्हणजे चवीची खिडकी मिटल्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या बाळासमोर या दुधाची पहिली वाटी येते, आणि तीही आई घरी नसताना! बाळ ते थुंकून टाकते. मग घरचे लोक म्हणतात की, हेही दूध त्यास बाधते. वास्तविक तो नकार जिभेचा असतो, आतड्याचा नसतो. पहिले सहा महिने निव्वळ स्तन्यपान हा नियम मोडून आगाऊच कडू दूध चाखवीत राहावे असे मला वाटत नाही. सहाव्या महिन्यात उष्टावण होऊन बाळ पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ भात खाऊ लागते. तेव्हा नवे दूध या पदार्थांत थोडेथोडे मिसळून देता येते आणि पिण्याच्या दुधाचा बराच भार मातेने काढून ठेवलेल्या दुधावर व पहाटे-रात्रीच्या पाजण्यावर टाकता येतो.

लहान बाळासाठी मिश्रणाची रीत उपयोगी पडते. मातेचा आहार दुग्धवर्ज्य असेल वा तिच्या अंगावर पिताना बाळ बरे असेल, तरच ही रीत वापरावी. प्रथम तीन भाग काढलेले मातेचे दूध व एक भाग नवे दूध. दोन-तीन दिवसांनी निम्मे-निम्मे. पुढे एक भाग मातेचे व तीन भाग नवे. असे आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल होतो. नवे दूध आधी पाण्यात योग्य प्रमाणात तयार करून मग मिसळावे. भुकटी सरळ मातेच्या दुधात टाकू नये, तसे केल्यास मिश्रण फाजील दाट होते. चव सुधारण्यासाठी मध घालण्याचा मोह अनेक घरांत होतो. वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये. त्यातील बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा पक्षाघातसदृश रोग होऊ शकतो. साखरही नको. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया झालेल्या बाळास नव्या दुधाचा पहिला घोट रुग्णालयातच द्यावा, घरी नव्हे.

दुधाची भुकटी निर्जंतुक नसते, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. तीत क्वचित क्रोनोबॅक्टर जातीचे जिवाणू आढळतात आणि ते तान्ह्या मुलांस प्राणघातक ठरू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली असे सांगितले की, उकळलेले पाणी ७० अंश सेल्सियसच्या खाली उतरण्यापूर्वीच त्यात भुकटी मिसळावी, मग दूध निववून पाजावे व तयार दूध दोन तासांच्या आत वापरावे. ज्या भुकटीत मुद्दाम उपयुक्त जिवाणू मिसळलेले असतात तिच्या बाबतीत डब्यावरील सूचना वेगळी असते, ती वाचावी. बाटलीऐवजी वाटी-चमचा उत्तम. चोचीचे बोंडले वापरावयाचे तर चोचीच्या आतील भाग घासता आला पाहिजे. जे आतून घासता येत नाही ते उकळूनही पुरते स्वच्छ होत नाही.

प्रमाणाच्या बाबतीत कठोर असावे लागते. पहिल्या काही महिन्यांत बाळास दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. चार किलोग्रॅमच्या बाळास ६०० मिलिलिटर. म्हणजे डबा काही दिवसांतच संपतो. हे डबे साध्या फॉर्म्युल्याच्या कित्येक पट महाग असतात. तेव्हा मापाचा चमचा थोडा अपुरा भरणे वा पाणी थोडे अधिक घालणे हा मोह गरिबीतून येतो, अज्ञानातून नव्हे. पातळ दुधाने बाळाचे वजन खुंटते, आणि जादा पाण्याने रक्तातील सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. सल्ला देणाऱ्याने महिन्याचा खर्च पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवावा. तो परवडणारा नसेल, तर मातेच्या आहारातील पथ्य नेटाने चालविणे हाच मार्ग खरा. तेथे खर्च नाचणी-तिळाचा आणि गोळ्यांचा आहे.

नवे दूध सुरू झाल्यावर मल हिरवा, कधी काळपट हिरवा होतो आणि त्यास उग्र वास येतो. हे अपेक्षित आहे. ॲलर्जीचे चिन्ह नव्हे. रक्त, वारंवार उलट्या, गांधी, सूज, ग्लानी ही खरी चिन्हे होत. त्यांतील सूज व श्वासाचा त्रास दिसताच रुग्णालय गाठावे. आतड्याची लक्षणे ओसरण्यास काही दिवसांपासून दोन आठवडे, तर इसबास त्याहून अधिक काळ लागू शकतो. या मुदतीच्या आत फॉर्म्युला बदलू नये. तीन आठवड्यांत चार डबे बदललेल्या बाळाविषयी कोणासही काहीच निश्चित सांगता येत नाही.

हा आहार कायमचा नसतो. उपरोक्त डॅनिश समूहात पहिल्या वर्षअखेर ५६ टक्के, दुसऱ्या वर्षअखेर ७७ टक्के व तिसऱ्या वर्षअखेर ८७ टक्के मुलांस गाईचे दूध सोसू लागले होते. २०१५ च्या युरोपीय अभ्यासात तर आयजीईविरहित प्रकारातील सर्व मुले निदानानंतर वर्षभरात बरी झालेली आढळली. म्हणून सहा महिने पथ्य पाळल्यानंतर, वा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाल्यावर, पुन्हा परीक्षा घ्यावी. आयजीई प्रकारात ती रुग्णालयातच. सौम्य प्रकारात ब्रिटनमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी दूध परत आणण्याची रीत आहे. पहिल्या पायरीवर गव्हाच्या पिठात अल्प दूध घालून भट्टीत भाजलेले बिस्किट, मग अधिक दुधाचे पदार्थ, पुढे चीज व दही, आणि शेवटी ताजे दूध. भट्टीच्या दीर्घ उष्णतेने निवळीतील प्रथिनांची घडण मोडते व गव्हाच्या प्रथिनांशी ती बांधली जातात. म्हणून भाजलेल्या पदार्थातील दूध आधी सोसते. आपल्या स्वयंपाकघरात ही शिडी जशीच्या तशी उतरत नाही. उकळलेले दूध म्हणजे भाजलेले दूध नव्हे. केसीन उकळीने बदलत नाही, त्यामुळे खीर शेवटच्या पायरीजवळची समजावी. दुधात भिजविलेल्या कणकेची दशमी गव्हाची आहे खरी, परंतु ती तव्यावर काही मिनिटांत भाजून निघते आणि तिच्यात दुधाचे प्रमाण बिस्किटाहून कितीतरी जास्त असते. तिला पहिल्या पायरीवर न बसविता भट्टीतील पदार्थांनंतर, दह्याच्या आधी ठेवावी.